फूल की दोन पाने? : गोव्याचा कौल, १९६७

ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी युरोप सोडण्याच्या बाजूने कौल दिला, आणि पुढची साडेतीन वर्षे लंडनच्या पार्लमेंटात रण माजले. बहुतेक खासदार युरोपात राहावे या मताचे, जनतेचे ५२ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूचे. खरे प्रतिनिधित्व कोणाचे, हा वाद आपल्या सिटीवेस्टमधल्या घरांतही रंगला. आपण मराठी माणसांनी तो गोव्यात फार पूर्वी पाहिला आहे.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, हे त्याचे उघड धोरण. विधानसभेने तसा ठरावही केला. विरोधकांचे, म्हणजे डॉ. जॅक सिक्वेरांच्या पक्षाचे म्हणणे असे की, पुन्हा फिरवता न येणारा निर्णय थेट लोकांनाच विचारावा. दिल्लीने ते मानले आणि १९६६ च्या अखेरीस संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला. आम्हांला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरणाविरुद्ध रान उठवणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीच होते, हे महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

खरी गंमत पुढेच आहे. दोन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी भाऊसाहेबांनाच पुन्हा मुख्यमंत्री केले! बहुजन समाजाला हा नेता आपला वाटत होता, आणि त्याचे एक मत नाकारूनही त्याला निवडून देण्यात लोकांना काही विसंगत वाटले नाही. भाऊसाहेबांनीही कौल मानला. ब्रिटनमध्ये तसे सुरळीत झाले नाही, याचे एक कारण आम्हांला असे दिसते की, गोव्यातल्या दोन्ही खुणांचा अर्थ पक्का होता. ब्रिटनमध्ये 'बाहेर' म्हणजे नेमके कुठे, हे मतपत्रिकेवर लिहिलेलेच नव्हते.

गोव्याबाहेर, मुंबईत वगैरे राहणाऱ्या गोवेकरांना मात्र त्या कौलात मत नव्हते. मत कोणाला, हा प्रश्न इथे आपल्याही दाराशी आला आहे. आयर्लंडमध्ये राज्यघटना बदलायची तर सार्वमत घ्यावेच लागते, आणि त्यात मत फक्त नागरिकांना. ११ जून २००४ च्या सार्वमताने इथे जन्मलेल्या मुलाचा आपोआप नागरिक होण्याचा हक्क गेला; बाजूने ७९ टक्के मते पडली. ज्यांच्या लेकरांचा प्रश्न होता, त्यांतल्या अनेक आईबापांना त्यात मत नव्हते. त्याच दिवशी कौन्सिलच्या निवडणुकाही होत्या. त्यांत मात्र नागरिक नसलेल्या सज्ञान रहिवाशालाही मत देता येत होते, आजही येते. फक्त मतदारयादीत नाव हवे.