मिनी ट्रॅक्टर ओढत नाही? डिझेल पंप वाढवण्याआधी हे तपासा

द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत चालणारे मिनी ट्रॅक्टर साधारण 15 ते 30 एचपीचे असतात. रोटाव्हेटर लावल्यावर इंजिन दबू लागले की सल्ला मिळतो, "पंप वाढवून घ्या." म्हणजे नेमके काय होते?

पंप वाढवला की सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जाते, पण हवा तेवढीच राहते, कारण बहुतेक मिनी ट्रॅक्टरना टर्बो नसतो. मग अर्धवट जळालेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. इंजिन तापते, पिस्टन आणि हेड गॅस्केट खराब होऊ शकतात. वॉरंटीही जाऊ शकते.

त्यामुळे आधी कमी झालेली ताकद परत मिळवा.

• हवा: एअर क्लीनर साफ करा. धुळीच्या दिवसांत रोज पाहा.
• डिझेल: फिल्टर वेळेवर बदला, नोझल तपासून घ्या.
• रेडिएटर: जाळीत अडकलेला पालापाचोळा काढा.
• पकड: चाके जागेवरच फिरत असतील, तर ताकद आहे, पकड नाही. मागच्या चाकांना वजन लावा किंवा टायरमध्ये पाणी भरा.
• वेग: रोटाव्हेटर लहान गिअरमध्ये चालवा. पीटीओच्या 540 फेऱ्यांसाठी मीटरवर खूण असते, इंजिन तिथे ठेवा.

तरीही ओढत नसेल, तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. तेही ठीक निघाले, तर अवजार ट्रॅक्टरच्या मानाने मोठे आहे. अशा वेळी पंप वाढवण्यापेक्षा कमी रुंदीचा रोटाव्हेटर घ्या.