मिरवणुकीचा बँड

वाद्यांच्या जगात नाशिकचे नाव झाले ते ढोलामुळे. 'नाशिक ढोल' या नावाने तो थेट केरळपर्यंत पोहोचला. चर्चच्या सणाला मिरवणुकीपुढे चालणारा पितळी वाद्यांचा बँड मात्र आपल्याकडे निराळ्या वाटेने आला. ढोल कानाने शिकता येतो. बँडला कागदावरचे स्वर वाचावे लागतात. या फरकातच त्याचा इतिहास दडलेला आहे.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडून शाळा चालत. तेथील मेस्त्र मुलांना प्रार्थनेबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरलिपीचे वाचन व गायन, शिकवीत. पुढे संस्थानिकांची बँडपथके, सैन्यातील पलटणी आणि मुंबईचे चित्रपट-स्टुडिओ यांना स्वरलिपी वाचणारे वादक हवे झाले, तेव्हा या शाळांतील मुलांना मोठी मागणी आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे अशाच एका चर्च-मेस्त्रांचे चिरंजीव. त्यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा मोठा वाद्यवृंद उभारला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्या नावामागची चर्चची शाळा मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

चर्चने बँडला सरसकट मुभा कधीच दिली नाही. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीतकारांची आश्रयदात्री संत सेसिलिया हिच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी उपासना-संगीताविषयी आदेश काढला. त्यानुसार चर्चमध्ये बँड वाजविण्यास मनाई झाली. बाहेरच्या मिरवणुकीत बिशपांच्या संमतीने तो चालावा. मात्र ऐहिक गाणी वाजवू नयेत, असे बंधन होते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजात ऑर्गनचा मान राखून, उपासनेस साजेशी असल्यास इतर वाद्यांनाही वाव दिला. साधनांची मुभा वाढली, तरी वाद्याने प्रार्थनेला साथ द्यावी हे तत्त्व कायम राहिले.

आज अडचण येथेच आहे. सणासाठी भाड्याने आणलेला बँड लग्नसराईतील चित्रपटगीते वाजवतो. यात त्या वादकांचा दोष नाही. भक्तिगीतांची स्वरलिपी त्यांच्या हाती कोणी दिलेलीच नसते. आपल्या बहुतेक मराठी गीतपुस्तकांत शब्द असतात, स्वरलिपी क्वचितच. मग कोणीतरी ध्वनिवर्धकाची गाडी सुचवतो, आणि मिरवणुकीत चालणारी माणसे गाणे सोडून नुसती ऐकू लागतात.

नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीत भरते. त्यासाठी धर्मग्रामाचा स्वतःचा बँड उभा करावयाचा, तर तयारी जूनमध्येच सुरू व्हावयास हवी. प्रथम चार-पाच गीतांची स्वरलिपी लिहावी लागेल. क्लॅरिनेट व कॉर्नेट यांच्या कागदावरचा 'सा' प्रत्यक्षात एक स्वर खाली वाजतो; म्हणून प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद हवा. नंतर मुलांचे वाचन, ओठांची बैठक आणि श्वासाचा सराव. मग एकेका वाद्यगटाची तालीम आणि शेवटी सर्वांची एकत्र. फेब्रुवारीच्या पहाटे नाशिकची थंडी पितळेचा स्वर उतरवते. वाद्यात फुंकर घालून ते ऊबदार केल्यावाचून स्वर जुळत नाहीत. इतक्या साध्या गोष्टीही कोणीतरी शिकविल्याशिवाय कळत नाहीत.

नाशिक धर्मप्रांताची स्थापना १९८७ साली झाली. गोव्याच्या मेस्त्रांची दीर्घ परंपरा आपल्याला लाभलेली नाही. पण त्यांची पद्धत घेता येईल. चर्चच्या पडवीत आठवड्यातून दोन संध्याकाळी दहा मुले, एक शिक्षक आणि एक फळा, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पहिल्या वर्षी त्यांना दोनच गीते आली तरी चालतील. त्या गीतांवर मिरवणुकीतील वृद्ध-तरुण सारे गाऊ लागले, की बँडचे काम झाले.