डावा कोपरा रिकामा आहे

मोबाइलवरची तारीख नीट वाचा. रविवार, ८ ऑक्टोबर २०२३. पितृपंधरवडा चालू आहे. चऱ्होली बुद्रुकच्या नव्या सोसायट्यांमधून आणि जुन्या घरांमधून एकच समालोचन ऐकू येतंय. चेन्नईत ऑस्ट्रेलियाचा डाव १९९ धावांत आटोपलाय आणि भारताचे तीन फलंदाज अवघ्या २ धावांवर परतलेत. गल्लीतली पोरं डोक्याला हात लावून बसलीत. तुम्ही मात्र निवांत आहात. हा सामना कोहली आणि राहुल काढतात, हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही काही वर्षं पुढून इथे आला आहात.

आणि तीच तुमची अडचण आहे. तुम्ही क्रिकेटसाठी आलेला नाहीत. उद्या मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू होतोय आणि तुम्हाला एका खेळाडूचा हिशोब मांडायचाय. मोहम्मदरेझा शादलुई चियानेह. इराणचा, डाव्या कोपऱ्यात खेळणारा, मागचे दोन हंगाम पाटणा पायरेट्सकडे असलेला. पुणेरी पलटणने त्याला घ्यावं का? घ्यायचं तर केवढ्याला? ज्याला निकाल माहीत आहे त्याला या प्रश्नाचं उत्तर चटकन सुचतं आणि ते बहुधा फुकटचं असतं. म्हणून एक अट पाळा. आजच्या तारखेनंतरचं काहीही वहीत लिहायचं नाही.

वाघेश्वराच्या देवळाकडे चला. तिथे आप्पा बसलेले असतात. आप्पा मातीवरच्या हुतूतूच्या काळातले. गुडघे कधीच गेलेत, पण चालणाऱ्याच्या पायाकडे बघून तो कुठल्या पायावर जोर देतो ते अजून सांगतात. चऱ्होली ग्रामपंचायतीची होती तेव्हापासून ते इथले आहेत. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, शेताच्या जागी इमारती आल्या, बाहेरून माणसं आली. कालचा सामना मात्र त्यांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

"बघितलास का काल?" ते विचारतात.

बघितलात म्हणा. हांगझोऊला आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी, भारत विरुद्ध इराण. शेवटच्या मिनिटाच्या सुमाराला २८-२८ अशी बरोबरी, भारताच्या पवन सेहरावतची ‘करा किंवा मरा’ अशी तिसरी चढाई, तो कुणालाही न शिवता लॉबीत गेला आणि त्याच्यामागून इराणचे बचावपटूही. लॉबीचा जुना नियम लावायचा की नवा, या वादात जवळपास तासभर खेळ थांबला. शेवटी ३३-२९ असं भारताला सुवर्ण मिळालं. इराणचा कर्णधार होता फझल अत्राचली. भारताच्या संघात आपले दोन, श्रीरामपूरकडचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे. दोघंही पुणेरी पलटणचे. आणि समोरच्या बचावफळीत हाच चियानेह.

"म्हणजे काल ज्याच्याशी भांडण, उद्या त्याच्याशी साखळी?" आप्पा हसतात. "हे काय नवं नाही लेका. आमच्या वेळी गडी पळवायचे ते नोकरी दाखवून. कारखान्यात चिकटवला की झाला आपला. आता बोली लागते, एवढाच फरक."

त्यांना चियानेह आवडत नाही. मांडीवर थाप मारून प्रेक्षकांकडे बघणं त्यांना खपत नाही. हे वहीत लिहू नका. नावड हा दोष नव्हे.

आता थोडं मागे चला. तारीख २५ फेब्रुवारी २०२२, बेंगळुरू, व्हाइटफील्डचं हॉटेल. कोरोनामुळे आठवा हंगाम पूर्ण एकाच ठिकाणी उरकलाय आणि खुर्च्यांवर प्रेक्षक नाहीत. तुमच्यासाठी ही पर्वणी आहे. गर्दीचा आवाज नसला की मॅटवरचं सगळं ऐकू येतं, चढाईपटूचा दम, बुटांची करकर आणि कोपऱ्यातून कव्हरला दिलेली हाक. पाटणा आणि दबंग दिल्लीची अंतिम लढत आहे. डाव्या कोपऱ्यातल्या पोराला पाटण्याने ३१ लाखांत घेतलं होतं आणि या हंगामात त्याने पकडीचे ८९ गुण मिळवलेत, सगळ्यांत जास्त.

चेंडूचा खेळ बघायची सवय असलेला माणूस चढाईपटूकडे बघतो. तुम्ही पाऊण वेळ फक्त चियानेहच्या पायाकडे बघा. साधा कोपरारक्षक चढाईपटू बोनस रेषेकडे येण्याची वाट बघतो, घोटा हाताशी आला की झेप घेतो. हा वाट बघत नाही. चढाईपटूचं वजन मागच्या पायावर गेलं की हा पुढे निघालेला असतो. घोट्याला जातो, कधी मांडीला, कधी सरळ अंगावर. चढाईपटूला हूल द्यायला वेळच मिळत नाही. मधूनच स्वतः चढाईला जातो, तेही तसंच, कुणाची परवानगी घेतल्यासारखं नव्हे. लांब हात, जबरदस्त वेग आणि चुकलो तर काय होईल याची अजिबात फिकीर नाही.

चुकतो तेव्हा काय होतं, तेही बघा. तो पुढे जातो, हात निसटतो, चढाईपटू मध्यरेषा गाठतो. एक गुण गेला, पण त्याहून मोठं म्हणजे कोपरा बाहेर गेला. आता साखळीला एक टोक नाही. पुढच्या चढाईला सगळ्यांना जागा बदलून उभं राहावं लागतं, कव्हरचा माणूस कोपऱ्यात जातो, आणि ज्याला कोपऱ्यात उभं राहायची सवय नाही तो घोटा शोधत बसतो. लोण याच वाटेने येतो. पाटणा ही अंतिम लढत एका गुणाने हरते, ३६-३७.

त्या एका गुणाचं खापर त्याच्यावर फोडू नका. एका सामन्यावरून खेळाडू मोजणं हा टीव्हीवरच्या तज्ज्ञांचा धंदा आहे.

नववा हंगाम, २०२२ ची अखेर. दिल्लीविरुद्धच्या एका सामन्यात तो पकडीचे १६ गुण घेतो. एका सामन्यात एका बचावपटूने! हंगामात एकूण ८४. मागच्या वर्षीच्या ८९ च्या आसपासच. पण पाटणा बाद फेरीतही पोहोचत नाही.

इथे थांबा आणि या दोन आकड्यांकडे नीट बघा. खेळाडू तोच, जागा तीच, गुण जवळपास तेवढेच. एका वर्षी संघ अंतिम फेरीत, दुसऱ्या वर्षी बाहेर. म्हणजे त्याचे गुण त्याच्यासोबत प्रवास करतात, निकाल करत नाही. तुमच्या वहीतली सर्वांत कामाची ओळ हीच आहे. आता शोधायचं ते असं की, त्याच्या चुकांची किंमत कोण भरतं?

कबड्डीत याचं उत्तर नियमातच आहे. बाद झालेला गडी आत येतो तो आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की. धोका पत्करणारा कोपरा त्याच संघात परवडतो, ज्याचे चढाईपटू त्याला लगेच परत आणतात. एकाच चढाईपटूवर चालणारा संघ असेल आणि तोच बाद असेल, तर हा वाघ पाच-सात मिनिटं बाकावर बसून टॉवेल चावत राहणार. तिथे संयमी, कमी गुणांचा पण कमी चुकणारा कोपरा बरा.

परत चऱ्होलीला या. अंधार पडत आलाय. क्रिकेटवाल्यांच्या घरातून ओरडा येतोय, कोहली लागलाय म्हणायचा. आप्पांना वही दाखवा.

"त्याचं ठेवा बाजूला," ते म्हणतात. "पुण्याकडं चढाईला कोण?"

सांगा. अस्लम, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. चौघं, आणि चौघांपैकी कुणीही एखाद्या रात्री सामना काढून देऊ शकतो. बचावात उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, कव्हरला अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत. मागच्या हंगामात हाच तरुण संघ अंतिम फेरीत जयपूरकडून २९-३३ असा हरला. प्रशिक्षक बी. सी. रमेश आहेत. डाव्या कोपऱ्यात तेव्हा कर्णधार फझल होता. आता त्याला मोकळं केलंय.

"म्हणजे भोक पण डाव्या कोपऱ्यालाच."

बरोबर तिथेच. पण आप्पा लगेच मान हलवत नाहीत. फझल थांबणारा माणूस होता, ते सांगतात. तो उभा असला की शेजारच्या पोराला कळायचं आपण कधी जायचं. हा पुढे धावला की संकेतने काय करायचं? त्याच्या मागोमाग जायचं, की मागे राहून जागा झाकायची? दोघं वेगवेगळं समजले तर मध्ये दार उघडं. हा दोष चियानेहचा नाही आणि संकेतचाही नाही, दोघांनी सरावात एकमेकांचा वेग शिकेपर्यंतचा आहे. वहीत लिहा, डावा कव्हर जुळेपर्यंत सुरुवातीचे सामने महाग पडू शकतात.

दुसरा प्रश्न पैशांचा. या वर्षी प्रत्येक संघाच्या थैलीत एकूण ५ कोटी. एका बचावपटूवर निम्मे घालणं एरवी वेडेपणा ठरेल. पण पुण्याची बाकीची पोरं तरुण आहेत, संघाने स्वतः घडवून ठेवलेली आहेत, म्हणून स्वस्त आहेत. ज्याच्या घरचं धान्य घरातच पिकतं त्याने बाजारात एखादी वस्तू चढ्या भावाने घेतली तर दिवाळं निघत नाही. तरी एक जोखीम राहतेच. बोनस, अव्वल पकड, तिसरी चढाई, सगळं जुळलं आणि हा एकटा जखमी झाला, तर बदली कोपरा कोण?

तुमचा शेरा लिहा. घ्यावा. सव्वादोन कोटींपर्यंत जावं, कदाचित थोडं पुढे. कर्णधारपद त्याला देऊ नये, ते अस्लमकडे असावं. कारण समोर शांत डोक्याचा माणूस हवा, आणि कोपऱ्यातल्याला फक्त झेप घ्यायची मोकळीक हवी. चूक झाली तर पुढच्याच चढाईत त्याला परत आणण्याची जबाबदारी नाव घेऊन सांगावी. आणि मांडीवरची थाप बंद करायला सांगू नये. ती गेली तर सोबत आणखी काय जाईल, कुणी सांगावं.

सोमवार, ९ ऑक्टोबर. मुंबई. लिलावाच्या दालनात थंडगार हवा आणि चढ्या आवाजातली मंडळी. पवन सेहरावत २ कोटी ६०.५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे जातो. फझलला गुजरात १ कोटी ६० लाखांत घेतं. चियानेहची बोली चढत जाते आणि पुणेरी पलटणच्या टेबलावरची पाटी २ कोटी ३५ लाखांवर शेवटची वर होते. तोपर्यंत कुठल्याच परदेशी खेळाडूला एवढी रक्कम मिळालेली नाही. तुमच्या आकड्याच्या थोडं पुढे, पण टेबलाभोवती कुणाच्या कपाळावर आठी नाही.

आता अट सुटली. पुढचं बघायला हरकत नाही.

डिसेंबरमध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात जा, शिट्ट्या आणि ढोलांच्या मधोमध. त्याच्या चुका मोजत बसू नका, त्या आहेतच. तो बाहेर गेल्यावर किती वेळात परत आत येतो तेवढं बघा. बहुतेक वेळा तो टॉवेल हातात घेतो न घेतो तोच अस्लम नाहीतर मोहित गडी टिपून आलेला असतो. पलटण २२ साखळी सामन्यांत फक्त दोन हरते. चियानेहचे पकडीचे गुण ९९ होतात, म्हणजे पाटण्यातल्यापेक्षा जास्त, आणि तेही अशा संघात जिथे गुण घेणारे आणखी सहा जण आहेत. उपांत्य फेरीत समोर त्याचाच जुना पाटणा येतो आणि ३७-२१ असा जातो. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५. कमी गुणांचा, दमछाक करणारा अंतिम सामना, आणि त्यात फरक पाडणारी मोठी चढाई पंकज मोहितेची, चियानेहची नव्हे. पुणेरी पलटणचं पहिलं विजेतेपद.

इतकं बघून परत येता येईल. पण आप्पा तुम्हाला आणखी पुढे ओढतात, ऑगस्ट २०२४. पुन्हा लिलाव आहे, पलटणने त्याला मोकळं केलंय आणि हरियाणाने २ कोटी ७ लाखांना उचललंय. तुम्ही नाराज. विजेत्या संघाचा कोपरा असा सोडतात का? आप्पा नाराज नाहीत. पोरगं खुर्चीवर ठेवून बघायचं नसतं, म्हणतात. मग तोच प्रश्न, याही वेळी त्याच्याबद्दल एक शब्द न बोलता.

"हरियाणाकडं चढाईला कोण?"

तुम्ही सांगता, विनय आहे. आणि आपला शिवम पटारे.

आप्पा थोडा वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "मग ते जिंकतील."

२९ डिसेंबर २०२४, बालेवाडी. हरियाणा ३२, पाटणा २३. पुणेरी पलटण त्या हंगामात बाद फेरीत नव्हती. अस्लम जखमी होऊन बाहेर बसला होता. पुढच्या वर्षी गुजरातने चियानेहला २ कोटी २३ लाखांत घेतलं आणि गुजरात बाद फेरीच्या बाहेर राहिलं. आप्पांना हे सांगितलंत तेव्हा त्यांनी गुजरातच्या चढाईपटूंची नावं विचारली, आणि तुम्ही ती सांगायला लागलात.