गोदी, गिरणी आणि गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेगच आहे असे जाहीर केले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली वस्ती: धान्याची कोठारे, त्यांत पोसलेले उंदीर आणि वर दाटीवाटीने राहणारी माणसे. तिथून सुरू झालेली साथ पुढे अनेक दशके हटली नाही, आणि हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. या साथीचा इतिहास आपल्याकडे बहुधा एका रस्त्याने सांगितला जातो: पुण्याच्या गणेशखिंड रस्त्याने. २२ जून १८९७ ची रात्र, रँड आणि आयर्स्ट यांच्यावरच्या गोळ्या, चापेकर बंधू, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. तो इतिहास खराच आहे. पण त्याच्या प्रकाशात एक साधा प्रश्न अंधारात राहतो. सरकारचे प्लेगविषयक धोरण या काळात अनेकदा फिरले, कधी कडक झाले, कधी सैल पडले, पुन्हा कडक झाले, पुन्हा सैल झाले. ते कशामुळे? रोगाविषयीचे ज्ञान बदलले म्हणून ते बदलले, असे मानणे सोयीचे असले तरी तारखा त्याला दुजोरा देत नाहीत. माझ्या मते हे धोरण दोन दाबांखाली वाकत गेले. एक दाब समुद्रापलीकडून येत होता, व्यापार अडवण्याचा. दुसरा शहराच्या तळातून, श्रम काढून घेण्याचा. वैद्यक या दोहोंच्या मागून चालत होते.

समुद्राकडचा दाब समजायला प्लेगच्या आधीचा कॉलरा पाहावा लागतो. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने कॉलऱ्याचे मूळ हिंदुस्थानात असल्याचे ठरवले आणि युरोपातले देश इथल्या जहाजांवर क्वारंटाइन घालायची मागणी करू लागले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. मुंबई आणि युरोप यांच्यातले अंतर घटले तशी युरोपची भीती वाढली. हिंदुस्थान सरकारची भूमिका मात्र ठाम होती: कॉलरा माणसाकडून माणसाकडे जात नाही, तो हवा, पाणी आणि जागेच्या अस्वच्छतेतून उद्भवतो, म्हणून माणसे आणि जहाजे अडवून काही साधत नाही. सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम हे मत वर्षानुवर्षे मांडत राहिले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवून दिला, तरी सरकारी भूमिका सहजी हलली नाही. आणि हेच सरकार प्लेगच्या वेळी बारा-तेरा वर्षांत नेमके उलट्या टोकाला गेले: माणसे अडवा, घरांच्या झडत्या घ्या, आजारी माणूस उचला, त्याच्या घरच्यांना छावणीत न्या. दोन्ही वेळी अधिकाऱ्यांचे शिक्षण तेच, पुस्तके जवळपास तीच. बदलला होता तो समोरचा धोका. कॉलऱ्याच्या वेळी क्वारंटाइन मान्य करणे म्हणजे व्यापाराचा तोटा होता; प्लेगच्या वेळी काही न करणे हाच व्यापाराचा तोटा ठरला.

कारण युरोपातल्या बंदरांनी मुंबईच्या मालाकडे आणि जहाजांकडे संशयाने पाहायला सुरुवात केली होती, आणि फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिस येथे खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरत होती. परिषद बसण्याच्या तोंडावरच, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, कलकत्त्यात साथरोग कायदा संमत झाला. चार कलमांचा हा कायदा. तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. रोगाविरुद्ध काय करायचे याबद्दल तो जवळजवळ मुका आहे. ‘आवश्यक वाटतील ते उपाय’ एवढेच म्हणून तो मोकळा होतो. पण नावानिशी उल्लेख आहे तो बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या तपासणीचा आणि त्यांना रोखून ठेवण्याचा, रेल्वेच्या उतारूंच्या तपासणीचा, आणि तपासणी अधिकाऱ्याला संशय येईल त्या माणसाच्या विलगीकरणाचा. वैद्याची खात्री नव्हे, अधिकाऱ्याचा संशय. शेवटचे कलम असे की, सद्‌भावनेने काम करणाऱ्या कुणावरही दावा चालणार नाही. दवाखाना, पाणी, घर, भरपाई यांतले काहीही कायद्यात सक्तीचे नाही. ज्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून हा मसुदा लिहिला गेला तो मांडवीचा रहिवासी नव्हता, व्हेनिसला जमलेला राजदूत होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. त्याच सुमारास मुंबई आणि कराचीहून हजला जाणारी जहाजेही थांबवण्यात आली. एरवी धर्माच्या कामात हात न घालण्याची ग्वाही देणाऱ्या सरकारसाठी ही लहान गोष्ट नव्हती.

दुसरा दाब या कायद्याहून आधीचा आहे, आणि त्याची दखल कमी घेतली जाते. ऑक्टोबर १८९६ च्या सुरुवातीलाच मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार जाहीर केले होते. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी ऑर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लगेच आदेश सैल झाले. स्नो यांना सर्वाधिक धास्ती कशाची होती हेही त्यांनी लपवले नाही: शहराचा मैला आणि केर उचलणारे हलालखोर आणि झाडूवाले पळाले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही. ज्यांना शहराने सर्वांत खालची पायरी दिली होती त्यांच्या पायांवर शहराचे आरोग्य-धोरण उभे होते, हे एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अशा रीतीने मान्य केले. ही भीती पोकळ नव्हती. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत तिच्यातले निम्म्याच्या आसपास लोक कोकणात, देशावर, गुजरातेत निघून गेले होते. गिरण्या ओस पडल्या. एरवी महिन्याचा पगार थकवून कामगाराला बांधून ठेवणारे मालक रोजच्या रोज रोख पैसे देऊ लागले. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागली. ऑक्टोबरमध्ये धोरण सैल झाले आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या प्लेग समितीखाली पुन्हा आवळले गेले. या पाच महिन्यांत प्लेग कसा पसरतो याबद्दल एकही नवी गोष्ट समजलेली नव्हती. मधे घडला होता तो कायदा आणि व्हेनिस.

इथे पुण्याचा प्रश्न येतो. मुंबईत गेटेकर यांची समितीसुद्धा जमातींच्या शेट-पुढाऱ्यांशी बोलत होती, जातवार आणि धर्मवार खासगी रुग्णालयांना वाव देत होती. पुण्यात मात्र मार्च ते मे १८९७ गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, चारचौघांत बायकांच्या अंगाची तपासणी झाल्याच्या तक्रारी झाल्या. याचे कारण सहसा तिथल्या प्लेग मोहिमेचे प्रमुख रँड यांच्या स्वभावात शोधले जाते. स्वभाव होताच. पण पुण्यात गोदी नव्हती, गिरण्यांची रांग नव्हती. पुणेकर पळाले तर सरकारच्या खिशाला चिमटा बसणार नव्हता, आणि फौज तर हाकेच्या अंतरावर छावणीत बसलेली होती. ज्या शहराकडे रोखून धरण्यासारखे काही नाही, तिथे सक्तीला लगाम कोण घालणार? (टिळकांनी स्वतंत्र हिंदू प्लेग रुग्णालय काढले, आणि हडपसरजवळ यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या, सरकारी मोहिमेच्या बाहेरही प्लेगशी झुंज चालू होती, हे गणेशखिंडीच्या कथेत मागे पडते.)

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, त्या काळच्या अधिकाऱ्यांना उंदीर आणि पिसू ठाऊक नव्हते; जे ज्ञान होते त्यानुसार त्यांनी प्रामाणिकपणे केले. यर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला जंतू शोधला होता, पण पिसूचा दुवा सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडला आणि तो मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली, हे बरोबर आहे. अज्ञानाचा दोष मी लावत नाही. अज्ञान असताना अनेक वाटा मोकळ्या असतात, आणि त्यांतली कोणती निवडली जाते हे अज्ञान ठरवत नाही. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात स्वतःला टोचून घेतलेली लस हाताशी होती. घरे रिकामी करून मोकळ्या माळावर राहायला जाणे हा लोकांचा आपला उपाय होता. दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा: लोकांचा विरोध अंधश्रद्धेचा आणि सोवळ्याओवळ्याचा होता, त्याला श्रमशक्तीचे डावपेच म्हणणे हा आजचा गौरव आहे. सोवळे होते, अफवाही होत्या. पण रुग्णालयात नेलेला माणूस बहुधा परत येत नाही हे लोक डोळ्यांनी पाहत होते, आणि उंदीर मरू लागताच घर सोडून जाण्याची त्यांची सवय पुढे सरकारनेच प्लेगचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणून स्वीकारली. तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: हे सगळे परकी सत्तेमुळे झाले, स्वकीयांचे सरकार असते तर असे झाले नसते. परकी सत्तेने अपमानाची धार वाढवली यात शंका नाही. पण १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेग आला तेव्हा तिथे गव्हर्नर हेन्री गेज व्यापाराच्या भीतीने साथ नाकारत राहिले, आणि तिथला पहिला वेढा पडला तो चिनी वस्तीभोवती. इथेही १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हवा आणि उजेडाच्या नावाने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या गरिबांसाठी बांधल्या नाहीत, आणि चाळींच्या एतद्देशीय मालकांनी आपल्या इमारतींवर बंधने येऊ नयेत म्हणून आटापिटा केला तो काही साहेबाच्या सांगण्यावरून नव्हे.

मुंबईतली शेवटची मोठी ठिणगी ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात पडली. विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, गोळीबार झाला. मग गोदीतले हमाल आणि खटारेवाले यांनी काम बंद केले आणि बंदरच थंडावले. त्यानंतर झडत्या मवाळ होत गेल्या, तपासणीत जमातीची माणसे घेतली गेली, टोचणी ऐच्छिक राहिली, आणि १९०० पर्यंत सक्तीचे विलगीकरण जवळजवळ मोडीत निघाले. चापेकरांच्या गोळ्यांनी सरकार हादरले हे खरे, पण त्यानंतर आधी खटले आणि दडपशाही आली. बंद बंदराने मात्र थेट सवलती मिळवल्या, असे माझे वाचन आहे.

या विजयाची दुसरी बाजूही आहे, आणि ती नोंदवली नाही तर मांडणी एकांगी होईल. सक्ती गेली तशी निकडही गेली. बंदरावर जहाजे तपासली जात होती तोवर युरोप समाधानी होता. शहरातला मजूर परत आला होता. आता प्लेग आतल्या मुलखात, दख्खनच्या गावांत आणि पुढे पंजाबात पसरला, जिथून ना व्हेनिसला धोका होता ना गोदीला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हाफकिन यांची प्रयोगशाळा आली, आणि १९०५ पासून तिथेच बसलेल्या प्लेग संशोधन आयोगाने उंदीर-पिसूची साखळी निर्विवादपणे सिद्ध केली. म्हणजे काय करायला हवे हे प्रथमच नक्की कळले. त्याच सुमारास, १९०७ या एका वर्षात, हिंदुस्थानात प्लेगने १३ लाखांवर माणसे मेली, त्यांतली निम्म्याच्या आसपास पंजाबात. त्यांच्यासाठी कलकत्त्यात चार कलमांचासुद्धा नवा कायदा झाला नाही. १८९७ चा कायदाच पुढे चालू राहिला, आणि मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्र शासनाने तोच बाहेर काढला.