केशवराव भोसले नाट्यगृह

कोल्हापूर येथील एक जुने नाट्यगृह. मूळ नाव ‘पॅलेस थिएटर’. छत्रपती शाहू महाराजांनी ते १९१३–१५ च्या सुमारास खासबाग कुस्ती मैदानालगत बांधविले. राजाश्रयाची खूण असलेले हे नाव चार दशके टिकले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर त्यातील ‘पॅलेस’ हा शब्द कालबाह्य ठरणे स्वाभाविकच होते. १९५७ मध्ये नाट्यगृहाला गायकनट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव देण्यात आले.

केशवराव मूळचे कोल्हापूरचेच. बालवयातच ते नाटक मंडळीत दाखल झाले व १९०८ मध्ये हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. फिरत्या मंडळीच्या या मालकाचे आयुष्य गावोगावच्या मुक्कामांत गेले. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त मानापमानात त्यांनी बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर उभा केला. त्यानंतर तीन महिन्यांतच त्यांचे निधन झाले.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराला (१९६८) नटाचे नाव आरंभीच लाभले. कोल्हापुरात ते राजाने उभारलेल्या वास्तूला, नटाच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी मिळाले. शाहू महाराज स्वतः नाट्यसंगीताचे आश्रयदाते असल्याने या बदलात त्यांचा अवमान नव्हता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीत नाट्यगृहाचा रंगमंच व प्रेक्षागार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.