कातरीचे भय

शिवणे हे आपल्याकडच्या घरांत कधी फारसे अवघड मानले गेले नाही. धावदोरा, टीप, काज ह्या गोष्टी मुली आईच्या, आजीच्या शेजारी बसून शिकत. अवघड ते कापड बेतणे. सुई चुकली तर उसवता येते. कातरी चुकली की कापड गेले! शिंप्याला आपण मजुरी मोजतो, ती निम्म्याहून अधिक ह्या भयापायी.

हे भय घरोघरच्या बायकांच्या मनातून घालवले ते एका शिंप्यानेच, ही यातली खरी मौज. त्याचे नाव एबेनेझर बटरिक. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टर्लिंग नावाचे लहानसे गाव आहे, तेथला तो. कागदी नमुने त्याच्या आधीही होते. बायकांच्या मासिकांत चिमुकल्या आकृत्या छापून येत. त्या मोठ्या करायच्या कशा, ते ज्याचे त्याने पाहावे! मादाम डेमोरेस्टचे नमुने पूर्ण आकाराचे असत, पण एकाच मापाचे. बटरिकची बायको एलन तान्ह्या मुलाचा झगा कापायला बसली आणि ह्या एकाच मापावर वैतागली, असे सांगतात. कथा दुकानाच्या जाहिरातीला शोभेशी आहे खरी. परंतु अडचण खरीच होती.

बटरिकने १८६३ मध्ये एकच कपडा अनेक मापांत विकायला काढला. छाती इंचभर वाढली म्हणून खांदा काही इंचभर वाढत नाही. बाही, गळा, कंबर प्रत्येकाचा हिशेब निराळा. हा हिशेब शिंप्यांच्या बोटांत असे. बटरिकने तो कागदावर उतरवला. आधी जाड कागद वापरला, पण तो टपालाला जड. म्हणून पातळ टिश्यूकागद आला. आरंभी पुरुषांचे आणि मुलांचेच कपडे होते; बायकांचे १८६६ पासून.

वेळही तशीच होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. दक्षिणेचा कापूस अडला आणि सुती कापड महागले. (त्याच कापसाच्या तुटीवर मुंबईत सोन्याचा पूर लोटला आणि १८६५ मध्ये ओसरलाही.) कापड महाग, म्हणजे चुकीची कातर अधिकच महाग.

नमुन्याच्या जोडीला यंत्र हवे. सिंगरचे पेटंट १८५१ चे. किंमत मात्र शंभर डॉलरच्या वर. १८५६ मध्ये त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्यांची युक्ती काढली: पाच डॉलर द्या नि यंत्र घरी न्या. यंत्रांविषयी कडक बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये ह्या यंत्राला मात्र सूट दिली. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी केले, असे ते म्हणाले. सिंगरमहाशयांचे एकाच वेळी चाललेले अनेक संसार पाहता, ही कथा बटरिकच्या घरालाच अधिक शोभते!

जुन्या नमुन्यांवर एक अक्षर छापलेले नसे. कोऱ्या कागदाला भोके पाडलेली. कोणते भोक चुणीचे, कोणते जोडाचे, ते ओळखायचे. छापील रेषा आल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर, मॅकॉल कंपनीमुळे. १९२७ मध्ये सिम्प्लिसिटी कंपनी निघाली, आणि पुढे मंदीच्या काळात तिचे पंधरा सेंटांचे नमुने गरिबांच्या घरी पोचले. कापड कुठले? तर पिठाच्या नि पशुखाद्याच्या पोत्यांचे! गिरणीवाल्यांनी हे ओळखून पोत्यांवर फुले छापली. ही बचत खरीच होती. मात्र दिव्यापाशी जागलेल्या रात्रींची मजुरी कोणी तीत धरली नाही. इंग्लंडात १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आले, वर्षाला ६६ कूपने. कापडालाही कूपने लागत, म्हणून नमुने कापडावर असे मांडायचे की चिंधीही वाया जाऊ नये.

आपल्याकडे बटरिकची पाकिटे घरोघर गेली नाहीत. लुगड्याला कापणीच नाही आणि शिंपी गल्लीत. शिवणवर्गातल्या मुली तपकिरी कागदावर कापायला शिकल्या, ते वेगळे. पण घरच्या बाईने आपला नमुना केव्हाच शोधला होता. जुने, अंगाला नीट बसलेले पोलके उसवायचे, तुकडे नव्या खणावर पसरायचे, शिवणीपुरते बोटभर सोडायचे आणि कातर चालवायची. आजही शिंप्याकडे जाताना आपण पिशवीत घालतो ते ‘मापाचे ब्लाउज’ त्यातलेच.