रक्त गोठणे आणि वाहणे, एकाच वेळी
भोपाळमधील अयोध्या नगर वसाहतीतील एका रुग्णाचे रक्त एकाच वेळी गोठले व वाहिले. त्यात विसंगती नाही. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे उद्भवणाऱ्या गंभीर स्थितीत, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. त्यांत प्लेटलेट व रक्त गोठवणारे घटक खर्ची पडल्याने इतरत्र रक्तस्राव होतो. या विकाराला ‘डीआयसी’ म्हणतात. गुठळीरोधक औषधांचा त्यात सरसकट लाभ सिद्ध झालेला नाही. त्यांपैकी अमेरिकेत २००१मध्ये मान्यता मिळालेले ‘ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी’ निष्प्रभ ठरल्याने २०११मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. जपानमध्ये अँटिथ्रॉम्बिन व थ्रॉम्बोमोड्युलिन वापरतात. हेपॅरिन मुख्यतः पायांच्या शिरांतील गुठळ्या टाळण्यासाठी, रक्तस्राव नसेल तर देतात. खरा उपचार संसर्गावरच : वेळेवर प्रतिजैविके. तापासोबत गुंगी, धाप किंवा कमी लघवी दिसल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. — संपादक